या चुका टाळा: टी पेशींतलं कॅल्शियम मोजताना मायटोकॉन्ड्रियावर खोटा आळ घेऊ नका

गेल्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, बाहेर धो धो पाऊस, आणि आमच्या लॅबमधली पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी हातात प्रिंटआउट नाचवत आली. "ताई, बघा ना! एफसीसीपी टाकलं आणि कॅल्शियम एंट्री निम्म्यावर! म्हणजे एमसीयू बंद पडला की ओराय चॅनेलपण बसतो. पेपर झाला!"

एमसीयू हे मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियमचं दार, ओराय हे पेशीपटलातलं, आणि एफसीसीपी हे मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतदाब घालवणारं रसायन. ट्रेस, म्हणजे वेळेनुसार कॅल्शियम दाखवणारी रेघ, देखणा होता. सपाट बेसलाइन, थॅप्सिगार्गिनचा (ईआर, म्हणजे पेशीतलं कॅल्शियमचं कोठार, रिकामं करणाऱ्या औषधाचा) छोटा उंचवटा, मग बाहेर कॅल्शियम दिल्यावर कंट्रोल पेशींची उभी चढण आणि एफसीसीपीवाल्या पेशींची दमलेली टेकडी. फक्त त्यातून एमसीयूबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. एफसीसीपीने त्या पेशींत एकाच वेळी निदान पाच उद्योग केले होते, आणि एमसीयूचा जोर घालवणं हा त्यातला एक.

त्या संध्याकाळी चहा गार होईपर्यंत आमचं जे बोलणं झालं, त्याचाच हा विस्तार. टी पेशींतले आयन चॅनेल आणि मायटोकॉन्ड्रियाचं कॅल्शियम यांवर नुकतंच काम सुरू केलेल्यांना तो उपयोगी पडेल. मी बरीच वर्षं इमेजिंगची खोली सांभाळते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत. उरलेल्या समोर घडताना पाहिल्यात.

आधी थोडी उजळणी

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या रक्तपेशी. विसावलेल्या टी पेशीच्या पेशीरसात मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं, बाहेर १ मिलिमोलरच्या वर. म्हणजे दहा हजार पटींहून मोठी उतरंड. टी सेल रिसेप्टरला प्रतिजन भेटलं की पेशीत आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होतो आणि तो ईआरमधला साठा उपसतो. साठा आटला हे ईआरच्या पटलातलं स्टिम१ हे प्रथिन ओळखतं, पेशीपटलाजवळ गोळा होतं आणि तिथला ओराय१ चॅनेल उघडतं. या प्रवाहाला क्रॅक करंट म्हणतात. होथ आणि पेनर यांनी १९९२ साली मास्ट पेशींत तो मोजला, पण चॅनेल नेमका कोणता हे कळायला २००६ उजाडलं. उलगडा झाला तो आजारी बाळांमुळे. त्यांच्या रक्तात टी पेशी होत्या, पण त्या काम करत नव्हत्या. ओराय१ मधल्या ९१ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आलं होतं. बस, एवढंच. एका अमिनो आम्लाने बाळाची सगळी प्रतिकारशक्ती उघडी पाडली.

आता मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्या आतल्या पटलात एमसीयू नावाचा कॅल्शियम युनिपोर्टर बसलेला असतो. असं काहीतरी आहे हे १९६०च्या दशकापासून माहीत होतं. रेणू सापडला २०११ मध्ये, पाडुआ आणि बोस्टनच्या दोन गटांना एकाच वेळी. कॅल्शियमला आत ओढणारी ताकद म्हणजे त्या पटलावरचा सुमारे उणे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब. होथ, फँगर आणि लुईस यांनी १९९७ मध्ये टी पेशींत दाखवलं की मायटोकॉन्ड्रिया आत येणारं कॅल्शियम उचलत राहतात म्हणून क्रॅक चॅनेल लवकर मिटत नाही. कॅल्शियम टिकून राहिलं तरच कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम एनफॅट या प्रथिनाला जागं करतं आणि एनफॅट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं.

इथे एक बारकावा आहे, तो भल्याभल्यांच्या हातून सुटतो. ओराय१ आणि स्टिम१ भेटतात ती फट १०-२० नॅनोमीटरची. मायटोकॉन्ड्रिया तिथे घुसूच शकत नाहीत. त्यामुळे चॅनेलच्या तोंडाशी मिलिसेकंदांत होणारं जलद मिटणं त्यांना थांबवता येत नाही. त्यांचा हात चालतो तो सावकाश, दहावीस सेकंदांपासून मिनिटांपर्यंत होणाऱ्या मिटण्यावर. तेव्हा कुणी पहिल्या दोन-तीन सेकंदांतला फरक दाखवून "हा मायटोकॉन्ड्रियाचा परिणाम" म्हणालं, तर खुर्ची ओढून बसा आणि प्रश्न विचारा.

चोर सोडून संन्याशाला फाशी: एफसीसीपीचा घोळ

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून इथे जरा थांबते.

एफसीसीपी आणि त्याचा भाऊ सीसीसीपी हे प्रोटॉन पटलापलीकडे नेतात. पटल कुठलं, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा दाब त्यांनी ढासळवला, तसा पेशीपटलावरचाही काही प्रमाणात ढासळवला. ओराय१ मधून कॅल्शियम आत येतं ते उतरंडीमुळे आणि पेशीच्या आतल्या उणे ५०-६० मिलिव्होल्टमुळे. हा दाब टी पेशीत केव्ही१.३ आणि केसीए३.१ हे पोटॅशियम चॅनेल राखतात. तो घसरला की चॅनेल उघडा असूनही कॅल्शियम कमी येतं. मायटोकॉन्ड्रियाचा यात काडीचाही संबंध नाही.

तिसरा उद्योग एटीपीचा. दाब गेला की एटीपी सिंथेज उलटं फिरतं आणि एटीपी बनवायचं सोडून खायला लागतं. मग ईआर भरणारा सर्का पंप आणि कॅल्शियम बाहेर टाकणारा पीएमसीए पंप, दोघेही मंदावतात. चौथा पीएच: पेशीरस आंबट होतो, आणि आंबटपणाने क्रॅक करंट घटतो. पाचवा प्रकार तर निव्वळ प्रकाशाचा आहे. मायटोकॉन्ड्रियातलं एनएडीएच ३४० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडात स्वतःच चमकतं. एफसीसीपीने श्वसन सुसाट सुटतं, एनएडीएच संपतं आणि ती चमक कमी होते. फ्युरा-२ हा कॅल्शियम मोजायचा डाय दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावर चालतो; त्याचं ३४० चं मोजमाप त्यामुळे किंचित खाली येतं, आणि डाय नीट भरलेला नसेल तर ही घट तुमच्या गुणोत्तरात कॅल्शियमची घट म्हणून मिरवते.

मग करायचं काय? एफसीसीपी फेकून द्यायचं नाही, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर खटला चालवायचा नाही. मायटोकॉन्ड्रियाचा दाब घालवायला अँटीमायसिन किंवा रोटेनॉन, सोबत ऑलिगोमायसिन, असं मिश्रण वापरा. ही जोडी प्रोटॉनवाहक नाही, त्यामुळे पेशीपटलाला तसा धक्का बसत नाही, आणि ऑलिगोमायसिनमुळे एटीपी सिंथेज उलटं फिरून एटीपी जाळत नाही. बफरमध्ये ग्लुकोज असू द्या, म्हणजे ग्लायकोलिसिसवर पेशीचं भागतं. वर फक्त ऑलिगोमायसिन दिलेला एक कंट्रोल ठेवा.

पेशीपटलाच्या दाबाची शंका फेडायची असेल तर सोपा उपाय: बाहेरच्या बफरमधलं सोडियम काढून पोटॅशियम घाला, म्हणजे कंट्रोल आणि औषधवाल्या, दोन्ही पेशींचा दाब शून्याजवळ येतो. सिग्नल लहान होईल, पण तुलना सच्ची होईल. फरक नाहीसा झाला तर गुन्हेगार पेशीपटल. पॅच क्लॅम्प (काचेच्या बारीक पिपेटने पेशीचा विद्युतप्रवाह मोजायची पद्धत) येत असेल तर दाब बांधूनच मोजा, प्रश्नच मिटला. फक्त पिपेटमध्ये १० मिलिमोलर बाप्टा, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन, भरून "मायटोकॉन्ड्रियाचा करंटवर परिणाम दिसत नाही" असं लिहू नका. ज्या कॅल्शियमला मायटोकॉन्ड्रिया उचलणार, ते सगळं तुमच्या बाप्टाने आधीच गिळलंय. सौम्य बफर वापरा, मग बोला.

त्या मुलीने हे सगळं ऐकून विचारलं, "मग सरळ एमसीयू नॉकडाउन करू का?" म्हणजे त्याचं जनुकच दाबून टाकायचं. करावं, जरूर. पण नॉकडाउननंतर दाब तसाच आहे का, एमसीयूचा द्वारपाल असलेल्या एमआयसीयू१ ची पातळी बदलली का, पेशी वाढतायत का, हे तपासल्याशिवाय तेही अर्धंच. पेशी काही आठवडे त्या अवस्थेत जगली की स्वतःची सोय करून घेते.

टेकडीची उंची म्हणजे चॅनेल नव्हे

कॅल्शियम परत दिल्यावर ट्रेस चढतो आणि एका उंचीवर थांबतो. ही उंची म्हणजे "चॅनेल किती उघडा" असं लिहायची सवय इतकी मुरलीय की परीक्षकसुद्धा कधीकधी सोडून देतात. खरं तर ते येणं आणि जाणं यांचं शिल्लक खातं आहे. नळ तसाच ठेवून मोरीचं भोक मोठं केलं तरी बादलीतलं पाणी उतरतंच की. टी पेशींत बाहेर टाकण्याचं मुख्य काम पीएमसीए करतो, मायटोकॉन्ड्रिया तात्पुरती उचल करतात, आणि थॅप्सिगार्गिन दिलं असेल तर सर्का बादच झालेला असतो.

म्हणून दोन मोजमापं वेगळी करा. चढणीचा सुरुवातीचा उतार हा एंट्रीच्या जरा जवळचा. आणि टेकडी गाठल्यावर बाहेरचं कॅल्शियम अचानक काढून घ्या. खाली उतरायचा वेग म्हणजे सफाईचा वेग. तो दोन्ही गटांत सारखा असेल तरच उंचीवरून चॅनेलबद्दल बोला. मँगनीज वापरून फ्युराची चमक ३६० नॅनोमीटरला विझवण्याची युक्तीही चालते. त्या तरंगलांबीला कॅल्शियमने फरक पडत नाही, त्यामुळे दिसते ती आत येणाऱ्या आयनांची गर्दी.

"शून्य कॅल्शियम" म्हणजे किती?

आमच्याकडे एकदा आठवडाभर थॅप्सिगार्गिनचा उंचवटा परत खाली यायलाच तयार नव्हता. उंचवटा, मग लांबलचक खांदा. कुणी म्हणालं पेशी बिघडल्या, कुणी म्हणालं औषधाचा लॉट खराब. शेवटी कळलं की "शून्य कॅल्शियम" रिंगर (पेशींसाठीचं क्षारद्रावण) ज्या काचेच्या बाटलीत ठेवलं होतं, ती कुणीतरी नळाच्या पाण्याने विसळून तशीच पालथी घातली होती. त्या भागात बोअरचं जड पाणी. बाटलीच्या आत वाळलेला पांढरा थर उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसत होता.

कॅल्शियम घातलं नाही म्हणजे ते नाही, असं होत नाही. पाणी, मीठ, काच यांतून काही मायक्रोमोलर येतंच, आणि उघड्या ओरायला तेवढंही पुरतं. अर्धा ते एक मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडणारं रसायन) घाला, प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरा, मॅग्नेशियम असू द्या नाहीतर पेशी काचेवरून सुटतात. पेशी त्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त भिजत ठेवू नका. साठा आपसूक गळायला लागतो आणि मग औषध न देताच एंट्री दिसते.

परत देताना हिशेब विसरू नका. १ मिलिमोलर ईजीटीए असताना २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड टाकलं तर मुक्त कॅल्शियम साधारण १ मिलिमोलरच उरतं. शिवाय ईजीटीए दर कॅल्शियममागे दोन प्रोटॉन सोडतं, म्हणून पीएच घसरतो. तीव्र स्टॉकचा थेंब कोपऱ्यात टाकण्याऐवजी तयार, पीएच लावलेलं बफर पूर्ण बदला. आणि फॉस्फेट बफर? कॅल्शियमसोबत गाळ, लँथॅनम किंवा गॅडोलिनियमसोबत तर हमखास गाळ. गॅडोलिनियमने क्रॅक अडवायचा असेल तर फॉस्फेट नको आणि ईजीटीएही नको, कारण ईजीटीए गॅडोलिनियमलाच पकडून बसतं.

डाय भरताना

एएम डायची (एस्टर जोडल्यामुळे पेशीत शिरू शकणाऱ्या डायची) कुपी उणे २० मधून काढली आणि लगेच उघडली, ही पावसाळ्यातली पेटंट चूक. मुंबई-पुण्याच्या जुलैत गार कुपीच्या तोंडावर बघता बघता दव धरतं. डीएमएसओ ते पाणी अधाशासारखं ओढून घेतं, एएम एस्टर तुटतो आणि तुटलेला डाय पेशीत शिरत नाही. पुढच्या आठवड्यात "पेशी लोडच होत नाहीत" ही ओरड. कोरडा डीएमएसओ, एकेका प्रयोगाचे छोटे अलिकॉट, सिलिका जेलच्या डब्यात, आणि डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. अर्धा तास जातो, जाऊ दे.

३७ अंशांना तासभर लोड करू नका. डाय ईआरमध्ये आणि मायटोकॉन्ड्रियात शिरून बसतो आणि "पेशीरसातलं कॅल्शियम" म्हणून तुम्ही खिचडी मोजता. खोलीच्या तापमानाला २० ते ३० मिनिटं, डाय नीट विरघळायला थोडं प्लुरोनिक, मग एस्टर तुटायला १५ मिनिटं विश्रांती. मॅक्रोफेज घेतलेत तर ते डाय बाहेर फेकतात. प्रोबेनेसिडने ते थांबतं, पण प्रोबेनेसिड टीआरपीव्ही२ चालू करतं आणि पॅनेक्सिन अडवतं, आणि हे दोन्ही चॅनेलच. म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पडतं. कंट्रोलमध्येही तेवढंच प्रोबेनेसिड घाला आणि निकाल वाचताना ते ध्यानात ठेवा.

गुणोत्तर काढण्याआधी पार्श्वभूमी वजा करा. आधी, नंतर नव्हे. हे एक वाक्य मी खोलीच्या दारावर चिकटवून ठेवलंय. दोन्ही तरंगलांबींना रिकाम्या जागेचा उजेड वेगळा असतो. तो न काढता भागाकार केला की कमी डाय असलेल्या पेशी आपोआप वेगळ्या "कॅल्शियम"च्या दिसतात. कॅलिब्रेशनला फ्युरा-२ साठी २२४ नॅनोमोलर हा केडीचा (डाय कॅल्शियमला किती घट्ट धरतो याचा) आकडा सगळे डोळे झाकून टाकतात. तो ३७ अंशांचा आहे. २० अंशांना १९८५च्या मूळ मोजणीत तो १३५ होता. खोलीतला एसी २२ वर ठेवून ३७ अंशांचा आकडा वापरला की बेसलाइन फुगते आणि आपण पेशींना दोष देतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या आतलं कॅल्शियम मोजताना

ऱ्होड-२ एएम या कॅल्शियम-डायवर धन भार असतो, म्हणून तो मायटोकॉन्ड्रियाच्या ऋण दाबाकडे ओढला जातो. सोय तीच, फसवणूकही तीच. ज्या औषधाने दाब कमी होतो, त्या पेशींत डायच कमी भरतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपण लिहितो, "मायटोकॉन्ड्रियल कॅल्शियम घटलं." आधी लोड करा, मग औषध द्या, आणि शेवटी पटलांतून कॅल्शियम आत नेणाऱ्या आयनोमायसिनने कमाल चमक काढून तिच्या तुलनेत मोजा.

शिवाय ऱ्होड-२ सगळा मायटोकॉन्ड्रियात जात नाही. पेशीरसात उरतो, केंद्रिकेतही ठळक दिसतो. मायटोट्रॅकर ग्रीनसोबत ठेवून जागा पडताळा. इथे टी पेशीची अडचण समजून घ्या. रक्तातली विसावलेली टी पेशी ६ ते ८ मायक्रॉनची, त्यातलं बहुतेक केंद्रकच. पेशीरस म्हणजे संत्र्याच्या सालीएवढी पातळ कड, आणि मायटोकॉन्ड्रिया त्या कडेत कोंबलेले. साध्या वाइडफील्ड सूक्ष्मदर्शकाला हे वेगळं दिसत नाही. हेला पेशींचे सुंदर धाग्यांसारखे मायटोकॉन्ड्रिया पाहून आलेल्यांचा इथे हमखास हिरमोड होतो. कॉन्फोकल वापरा, किंवा मायटोकॉन्ड्रियात पाठवलेला जनुकीय सेन्सर घ्या.

सेन्सरचीही एक खोड आहे. जीकॅम्प हा असाच जनुकीय कॅल्शियम-सेन्सर पीएचला हळवा असतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आतला पीएच ८ च्या जवळ. एफसीसीपी दिलं की तो पेशीरसाच्या पातळीला कोसळतो आणि जीकॅम्प मंदावतो, कॅल्शियम हललं असो वा नसो. सायफरसारखा केवळ पीएच दाखवणारा सेन्सर वेगळ्या पेशींत समांतर चालवा. आणि जो सेन्सर काहीशे नॅनोमोलरलाच भरून वाहतो, त्याने आतली मोठी उसळी मोजता येत नाही. वरून कापल्यासारखी सपाट टेकडी दिसली की समजा तो सेन्सर गळ्यापर्यंत भरलाय. सेपिया३एमटी सारखा कमी ओढीचा घ्या.

दाब मोजायला टीएमआरएम हा डाय वापरत असाल तर २० नॅनोमोलरच्या आसपास ठेवा आणि प्रयोगभर बफरमध्येही असू द्या. जास्त घातला तर तो आत दाटीने स्वतःलाच विझवतो, आणि मग दाब कमी झाल्यावर चमक उलटी वाढते. एकाच लॅबमध्ये दोघांनी दोन मात्रांनी काम केलं आणि परस्परविरुद्ध निष्कर्षांवरून महिनाभर अबोला धरला, हे मी पाहिलंय.

औषधांच्या बाटलीवरचं नाव म्हणजे त्यांचं काम नव्हे

टू-एपीबी हे क्रॅकचं इनहिबिटर म्हणून विकलं जातं. ५ मायक्रोमोलरच्या आसपास ते क्रॅक वाढवतं, ५० ला अडवतं, आणि शिवाय आयपी३ रिसेप्टर, टीआरपी चॅनेल, ओराय३ या सगळ्यांशी छेडछाड करतं. बीटीपी२ जरा बरं, पण ते सावकाश लागू पडतं आणि टीआरपीएम४ ला चालना देतं. रुथेनियम रेड धड पेशीत जात नाही आणि बाहेरून टीआरपी चॅनेल अडवतं, त्यामुळे अख्ख्या पेशीवर ते टाकून एमसीयूबद्दल काही सांगता येत नाही. सीजीपी-३७१५७ मायटोकॉन्ड्रियातून कॅल्शियम बाहेर काढणारा मार्ग अडवतं, पण एकट्या त्यालाच नाही.

सायक्लोस्पोरिन ए वर मात्र खास लक्ष ठेवा. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात ताणाखाली उघडणारं छिद्र बंद करायला, म्हणजे ते छिद्र उघडायला मदत करणाऱ्या सायक्लोफिलिन डी ला अडवायला, ते सर्रास वापरतात. टी पेशीत ते कॅल्सिन्युरिन अडवतं. अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ते देतात ते याच कामासाठी. वर औषधं पेशीबाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन पंपही रोखतं, त्यामुळे टीएमआरएम पेशीत जास्त साठतो आणि दाब वाढल्याचा भास होतो. एकाच औषधाचे तीन परिणाम, तिन्ही नेमके तुमच्या प्रश्नाच्या रस्त्यावर. टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन अडवतं पण सायक्लोफिलिन डी ला हात लावत नाही. ते शेजारी ठेवल्याशिवाय छिद्राबद्दल लिहू नका.

आपल्याकडच्या लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क तपासायची आवड मोठी, म्हणून एक खास सूचना. हळदीतलं कर्क्युमिन स्वतः चमकतं, तेही निळ्या उजेडात हिरवट, म्हणजे फ्लुओ-४ या कॅल्शियम-डायच्याच अंगणात. शिवाय ते सर्का पंपही अडवतं. अर्क टाकताक्षणी सिग्नल उडी मारून वर गेला तर आनंदाने टाळ्या पिटण्याआधी डाय न भरलेल्या पेशींवर तोच अर्क टाकून बघा. अर्ध्या वेळा तिथेही उडी दिसते. साप साप म्हणून भुई धोपटण्यात एका मुलाचे सहा महिने गेलेले मी पाहिलेत, आणि ते टाळायला फक्त एक कव्हरस्लिप लागली असती.

पेशी कोणती, हेही विचारा

जर्कट या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी सोयीच्या आहेत, पण त्या टी पेशी नव्हेत. टी पेशींच्या ल्युकेमियातून आलेल्या आहेत. त्यांच्यात पीटेन हे वाढीला लगाम घालणारं प्रथिन नाही. त्यांचा कॅल्शियमने उघडणारा पोटॅशियम चॅनेल अपामिनने अडणारा एसके२ आहे, रक्तातल्या सक्रिय टी पेशींसारखा केसीए३.१ नाही. जर्कटवर केसीए३.१ अडवणारं ट्रॅम-३४ टाकून "केसीए३.१ चा एंट्रीत वाटा नाही" असं लिहिलं, तर तुम्ही नसलेला चॅनेल अडवून तो नाही हे सिद्ध केलंत. दाटी झालेल्या, पिवळ्या पडलेल्या माध्यमातल्या जर्कट प्रयोगाला घेऊ नका, आणि मायकोप्लाझ्माची तपासणी महिन्याला करा.

रक्तातून टी पेशी वेगळ्या करताना सीडी३ किंवा सीडी४ या पेशीपृष्ठावरच्या प्रथिनांना चिकटणारे मणी वापरले तर पेशी प्रयोगाआधीच चाळवल्या जाऊ शकतात. बाकीच्या पेशी काढून टी पेशी उरवा. ओकेटी३ ही टी पेशी चाळवणारी अँटिबॉडी माणसाच्या पेशींसाठी आहे. उंदराच्या पेशींवर ती टाकून वाट बघत बसलेलं पोर दरवर्षी एखादं तरी सापडतं.

३१२ पेशी म्हणजे एन ३१२ नाही

त्या संध्याकाळच्या प्रिंटआउटवर खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: एन (नमुन्यांची संख्या) = ३१२, आणि फरक ठोस असल्याची खूण म्हणून तीन तारे. "किती कव्हरस्लिप?" "दोन-दोन." "किती दिवस?" ती गप्प.

एका कव्हरस्लिपवरच्या शेजारशेजारच्या पेशींना तोच डाय, तेच बफर, तोच पिपेटचा धक्का मिळालेला असतो. त्यांना स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजणं म्हणजे एकाच घरातल्या दहा जणांना विचारून गावाचं मत ठरवणं. एन म्हणजे वेगळे दिवस, वेगळे दाते. पेशींचे आकडे जरूर द्या, पण आकडेमोड दिवसांवर करा. आणि सरासरी काढण्याआधी एकेक पेशीचे ट्रेस डोळ्यांखालून घाला. टी पेशींत कॅल्शियम लाटांनी वरखाली होतं. प्रत्येकीची लाट वेगळ्या वेळी. सरासरीत त्या सगळ्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरते एक शांत रेघ, जी एकाही पेशीत घडलेली नसते.

तिने पुढचे दोन महिने हे सगळं केलं. अँटीमायसिन आणि ऑलिगोमायसिनच्या जोडीने पहिल्या काही सेकंदांतला फरक गेला. जास्त पोटॅशियममध्ये एफसीसीपीचा परिणामही बराचसा विरला. उरलं ते एवढंच: तीन-चार मिनिटांनंतर औषधवाल्या पेशींची टेकडी कंट्रोलपेक्षा थोडी लवकर खचते. कॅल्शियम काढल्यावर खाली उतरायचा वेग मात्र दोघींचा सारखा. चार दाते, सहा वेगळे दिवस. आता ती एमसीयू नॉकडाउनचे क्लोन वाढवतेय, आणि परवा मला विचारत होती की एमआयसीयू१ ची अँटिबॉडी कुणाकडे उसनी मिळेल का.